शोभिवंत माशांची अचानक मरतूक : औषधाआधी पाणी तपासा

शोभिवंत मत्स्यपालनात सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, ‘काल संध्याकाळपर्यंत मासे व्यवस्थित खात होते, सकाळी मेलेले दिसले; अंगावर काहीच नाही, मग मेले कशाने?’ अशा वेळी घाईने दुकानातून निळे किंवा पिवळे औषध आणून टाकीत ओतले जाते. प्रत्यक्षात अंगावर कोणतेही लक्षण नसताना एकदम झालेल्या मरतुकीमागे रोगापेक्षा पाणी, हवा किंवा विषबाधा हे कारण असण्याची शक्यता जास्त असते. चुकीच्या औषधामुळे टाकीतील उपयुक्त जिवाणू मरतात आणि वाचलेले मासेही दगावतात. त्यामुळे कारण शोधण्याचा ठरावीक क्रम पाळणे गरजेचे आहे.

२०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्य युनिटचाही समावेश आहे. अनेक युनिटमध्ये गप्पी, मॉलीसारख्या काटक माशांनी सुरुवात होते आणि चांगल्या दरासाठी पुढे डिस्कस, रामिरेझी, टेट्रा अशा नाजूक जाती आणल्या जातात. खरी अडचण येथूनच सुरू होते.

नाजूक जाती नाजूक का असतात?

डिस्कस, निऑन टेट्रा, कार्डिनल टेट्रा या जाती मूळच्या दक्षिण अमेरिकेतील अॅमेझॉन खोऱ्यातील आहेत, तर रामिरेझी ओरिनोको खोऱ्यातील. तेथील पाणी मऊ, आम्लधर्मी आणि क्षार अत्यंत कमी असलेले असते. आपल्याकडे काळ्या पाषाणातील विहीर व बोअरवेलचे पाणी साधारणपणे जड आणि अल्कधर्मी असते. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना हे पाणी मानवते. नाजूक जातींना जुळवून घ्यावे लागते. टाकीत पैदास झालेले मासे बऱ्याच अंशी जुळवूनही घेतात. मात्र तापमान, सामू किंवा क्षारांमध्ये एकदम झालेला बदल त्यांना सहन होत नाही. आदर्श आकड्यापेक्षा पाण्याचे स्थैर्य महत्त्वाचे, हे लक्षात ठेवावे.

नाजूक जातींसाठी साधारण मर्यादा :

- डिस्कस : तापमान २८ ते ३० अंश सेल्सिअस, सामू ६.० ते ७.०
- रामिरेझी : तापमान २७ ते ३० अंश, सामू ५.५ ते ७.०
- कार्डिनल टेट्रा : तापमान २४ ते २८ अंश, सामू ५.५ ते ६.८
- निऑन टेट्रा : तापमान २२ ते २६ अंश, सामू ६.० ते ७.०
- एंजल : तापमान २५ ते २८ अंश, सामू ६.५ ते ७.५

यावरून डिस्कस आणि निऑन टेट्रा एकाच टाकीत ठेवणे योग्य नाही, हे स्पष्ट होते. डिस्कसला हवे असलेले तापमान निऑनला जास्त होते आणि काही आठवड्यांत एकेक निऑन ‘विनाकारण’ मरत राहतो.

मरतुकीची पद्धत काय सांगते?

मेलेल्या माशाच्या अंगावर काही दिसत नसले तरी मासे केव्हा, किती आणि कोणते मेले यावरून कारणाचा अंदाज बांधता येतो.

- पहाटे मरतूक, मोठे मासे आधी : ऑक्सिजनची कमतरता. गुरामी, फायटर (बेट्टा) हे मासे पृष्ठभागावरील हवा घेऊ शकतात. ते जिवंत आणि बाकीचे मेलेले असतील तर हा संशय पक्का होतो.
- पाणी बदलल्यानंतर काही मिनिटांत ते काही तासांत मरतूक : क्लोरीन, तापमानातील फरक किंवा सामूतील एकदम बदल.
- एकाच वेळी सर्व जातींचे मासे मेले, आधी वेडेवाकडे पोहत होते : कीटकनाशक, साबण, रंग यांसारखी विषबाधा.
- टाकी सुरू करून काही दिवस ते तीन आठवडे झाले आहेत, मासे सुस्त, कल्ले लाल किंवा तपकिरी : अमोनिया किंवा नायट्राईट.
- रोज एक-दोन मासे, मरतूक हळूहळू वाढते : परजीवी किंवा जिवाणूजन्य रोग.
- फक्त एकाच जातीचे मासे मरतात : त्या जातीला न मानवणारे पाणी किंवा तापमान, अथवा त्या जातीचा विशिष्ट रोग.
- नवीन मासे आणल्यावर २४ तासांत फक्त नवीन मासे मेले : वाहतुकीचा ताण आणि पाण्यातील फरक. आठवड्याभराने जुनेही मरू लागले तर रोग आत आला आहे.

मरतूक दिसताच पहिल्या तासात काय करावे?

१. मेलेले मासे जाळीने लगेच बाहेर काढावेत. कुजणारा मासा टाकीतील अमोनिया वाढवतो. वेळ, संख्या व जात लिहून ठेवावी.

२. हवा वाढवावी. जादा एअर स्टोन सोडावा. कारण कोणतेही असो, जास्त हवेने नुकसान होत नाही.

३. खाद्य पूर्ण बंद करावे. निरोगी मोठा मासा दोन-तीन दिवस उपाशी सहज राहतो.

४. पाणी बदलण्यापूर्वी एक लिटर स्वच्छ बाटलीत टाकीच्या पाण्याचा नमुना काठोकाठ भरून ठेवावा. आधी पाणी बदलले तर पुरावा निघून जातो.

५. तापमान, सामू, अमोनिया, नायट्राईट आणि शक्य असल्यास विद्राव्य ऑक्सिजन व टीडीएस मोजावे.

६. मोजमापानंतरच पाणी बदलण्याचा निर्णय घ्यावा. बदलाचे पाणी क्लोरीनमुक्त आणि त्याच तापमानाचे असावे. साधारणपणे २५ ते ३० टक्के बदल पुरेसा असतो. कीटकनाशकाचा संशय असेल तर मासे दुसऱ्या, सुरक्षित पाण्याच्या टाकीत हलवावेत.

७. कारण कळेपर्यंत कोणतेही औषध, प्रतिजैविक किंवा रंगीत द्रावण टाकू नये.

अमोनिया आणि नायट्राईट : न दिसणारे कारण

माशांच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून, तसेच उरलेल्या खाद्यातून टाकीत अमोनिया तयार होतो. गाळणीतील स्पंज, खडे, टाकीच्या भिंती यांवर वाढणारे उपयुक्त जिवाणू अमोनियाचे नायट्राईटमध्ये आणि नायट्राईटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. अमोनिया व नायट्राईट विषारी, तर नायट्रेट तुलनेने सौम्य आहे. नवीन टाकीत हे जिवाणू पुरेशा संख्येने वाढण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते, पण अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. नवीन टाकी भरून दुसऱ्याच दिवशी डिस्कसची पिल्ले सोडल्यास मरतूक होणार, हे जवळजवळ ठरलेलेच असते.

चाचणी किटमध्ये दिसतो तो एकूण अमोनिया. त्यातील मुक्त अमोनिया हा भाग जास्त विषारी असून त्याचे प्रमाण सामू व तापमानावर अवलंबून असते. २५ अंश तापमानाला एकूण अमोनिया १ मि.ग्रॅ./लिटर असेल तर :

- सामू ७.० असताना मुक्त अमोनिया सुमारे ०.००६ मि.ग्रॅ./लिटर
- सामू ८.० असताना सुमारे ०.०५ मि.ग्रॅ./लिटर
- सामू ८.५ असताना सुमारे ०.१५ मि.ग्रॅ./लिटर

मुक्त अमोनिया ०.०२ मि.ग्रॅ./लिटरच्या आत ठेवावा. म्हणजे किटचा तोच आकडा सामू ७ ला चालण्याजोगा आणि सामू ८ ला घातक ठरू शकतो. त्यामुळे अमोनियाची नोंद सामूशिवाय करू नये. तापमान वाढले की मुक्त अमोनिया आणखी वाढतो, म्हणून डिस्कसच्या गरम टाकीत जास्त दक्षता हवी.

नायट्राईट माशाच्या रक्तात मिसळून रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता कमी करते. रक्त व कल्ले तपकिरी दिसतात. पाण्यात भरपूर हवा असूनही मासे धापा टाकतात. अशा वेळी साधे खडे मीठ उपयोगी पडते. मिठातील क्लोराईडमुळे नायट्राईट कल्ल्यांतून आत शिरण्यास अटकाव होतो. १,००० लिटर पाण्यास २५० ते ५०० ग्रॅम मीठ वेगळ्या बादलीत विरघळवून दिवसभरात तीन-चार हप्त्यांत टाकावे. टेट्रासारख्या मऊ पाण्यातील जातींना कमी मात्रा द्यावी. हा तात्पुरता बचाव आहे. माशांची संख्या व खाद्य कमी करणे आणि गाळणी सुधारणे हाच खरा उपाय.

जुन्या टाकीतही अमोनिया अचानक वाढण्याची नेहमीची कारणे :

- गाळणीचा स्पंज नळाच्या पाण्यात खळखळून धुणे. क्लोरीनमुळे उपयुक्त जिवाणू मरतात. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलका पिळावा आणि एका वेळी अर्धीच गाळणी साफ करावी.
- प्रतिजैविक किंवा जंतुनाशक औषध थेट टाकीत टाकणे.
- एकाच वेळी जास्त मासे सोडणे.
- जास्त खाद्य. पाच मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे, उरलेले नळीने ओढून काढावे.

पाणी बदलल्यानंतर मासे का मरतात?

पाणी बदलणे चांगलेच आहे, पण नवीन पाणी कसे आहे यावर सर्व अवलंबून असते. तीन प्रकारे नुकसान होते.

*क्लोरीन* : पिण्याच्या पाण्यात नळाच्या टोकाला किमान ०.२ मि.ग्रॅ./लिटर क्लोरीन शिल्लक असावा असा मानक आहे. माणसासाठी सुरक्षित असलेली ही मात्रा माशाचे कल्ले जाळण्यास पुरेशी आहे. पावसाळ्यात साथीच्या भीतीने ग्रामपंचायत टीसीएल पावडरची मात्रा वाढवते. म्हणून वर्षभर चाललेली पद्धत जुलैमध्ये अचानक फसते. वास येत नाही म्हणजे क्लोरीन नाही, असे समजू नये. गावातील जलसुरक्षक ज्या ओटी द्रावणाने पाणी तपासतात, त्यानेच साठवणीचे पाणी तपासून घ्यावे. पिवळी छटा आली तर क्लोरीन आहे. पाणी उघड्या टाकीत हवा देऊन किमान २४ तास मुरवावे. तातडी असल्यास सोडियम थायोसल्फेट (हायपो) वापरावे. १ मि.ग्रॅ./लिटर क्लोरीन असलेल्या १,००० लिटर पाण्यास ७ ग्रॅम हायपो पुरते. विरघळवून मिसळल्यानंतर पुन्हा ओटी चाचणी घ्यावी.

*बोअरवेलचे ताजे पाणी* : खोल बोअरच्या पाण्यात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साईड जास्त असतो. उपसल्याबरोबर मोजलेला सामू फसवा असतो. हवा दिल्यावर कार्बन डायऑक्साईड निघून जातो आणि सामू वर चढतो. सकाळी ७.२ दिसलेला सामू दुसऱ्या दिवशी ८ च्या वर गेलेला आढळू शकतो. त्यामुळे बोअरचे पाणीही २४ तास हवा देऊन मुरवावे, त्यानंतरचा सामू व टीडीएस खरा मानावा.

*खूप दिवसांनी केलेला मोठा बदल* : हे कारण सहसा लक्षात येत नाही. टाकीतील जिवाणू अमोनियावर प्रक्रिया करताना पाण्याची अल्कलिनिटी खर्च करतात. १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनसाठी सुमारे ७ ग्रॅम अल्कलिनिटी (कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात) लागते. अनेक आठवडे पाणी न बदलल्यास ती संपते आणि सामू ६.५ च्याही खाली घसरतो. आम्लधर्मी पाण्यात जिवाणू मंदावतात, अमोनिया साचत जातो. पण कमी सामूमुळे तो सौम्य रूपात राहतो आणि मासे तग धरतात. मग एके दिवशी अर्धे पाणी काढून बोअरचे अल्कधर्मी पाणी भरले जाते.

समजा, टाकीत एकूण अमोनिया ३ मि.ग्रॅ./लिटर आणि सामू ६.२ आहे. २५ अंश तापमानाला मुक्त अमोनिया सुमारे ०.००३ मि.ग्रॅ./लिटर असतो. अर्धे पाणी बदलल्यावर एकूण अमोनिया निम्मा म्हणजे १.५ झाला, पण सामू ७.८ वर गेला तर मुक्त अमोनिया सुमारे ०.०५ होतो. अमोनिया निम्मा करूनही त्याची विषारी मात्रा पंधरापटीहून अधिक वाढली. पाणी बदलूनही मासे मेले, असे वाटते ते यामुळे. अशा टाकीत खाद्य बंद करून रोज फक्त १० टक्के पाणी बदलावे आणि प्रत्येक वेळी सामू मोजावा. कायमस्वरूपी उपाय म्हणजे दर आठवड्याला २० ते ३० टक्के बदल न चुकता करणे.

ऑक्सिजन, तापमान आणि वीज

२५ अंशाला पाणी जास्तीत जास्त सुमारे ८.३ मि.ग्रॅ./लिटर ऑक्सिजन धरून ठेवते, ३० अंशाला सुमारे ७.५. म्हणजे उन्हाळ्यात माशांची गरज वाढते आणि पाण्याची क्षमता घटते. विद्राव्य ऑक्सिजन ५ मि.ग्रॅ./लिटरच्या खाली जाऊ देऊ नये. शेवाळ किंवा वनस्पती भरपूर असलेल्या टाकीत रात्री वनस्पतीही ऑक्सिजन वापरतात, त्यामुळे पहाटेची वेळ सर्वांत धोक्याची असते.

- रात्री वीज गेल्यास आपोआप सुरू होणारा बॅटरीचा हवा पंप ठेवावा. इन्व्हर्टर असल्यास पहिली जोडणी हवा पंपाला द्यावी, दिव्यांना नंतर.
- बंद डब्याची गाळणी काही तास बंद राहिल्यास आतील पाणी सडते. वीज आल्यावर ते पाणी टाकून द्यावे, गाळणी टाकीच्या पाण्याने विसळावी आणि मगच सुरू करावी.
- हिवाळ्यात हीटर आवश्यक. साधारण १ लिटरला १ वॅट हा अंदाज धरावा. एका मोठ्या हीटरऐवजी दोन लहान हीटर बसवावेत. एक बिघडून सतत सुरू राहिला तरी पाणी लगेच जास्त तापत नाही आणि एक बंद पडला तरी पाणी लगेच गार होत नाही.
- हीटरवरील आकड्यावर विसंबू नये. वेगळा तापमापक टाकीत ठेवून सकाळी व संध्याकाळी वाचावा.

शेतातील फवारणी आणि घरातील विषबाधा

शेतकऱ्यांच्या युनिटमध्ये हे कारण शहरातील टाक्यांपेक्षा जास्त संभवते. सायपरमेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन यांसारखी पायरेथ्रॉईड गटातील कीटकनाशके माशांसाठी अत्यंत विषारी असून अतिसूक्ष्म मात्राही पुरेशी ठरते. डास मारण्याच्या फवाऱ्यात आणि लिक्विड मशिनमध्येही बहुधा याच गटातील रसायने असतात.

- फवारणीचे द्रावण तयार केलेली बादली, मोजमाप किंवा पाईप मत्स्य युनिटमध्ये कधीही वापरू नये, कितीही धुतले तरी.
- फवारणी करून आलेल्या व्यक्तीने आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय टाकीत हात घालू नये.
- शेजारच्या शेतात फवारणी सुरू असताना खिडक्या बंद ठेवाव्यात, उघड्या टाक्या झाकाव्यात.
- हवा पंप खोलीतील हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. त्या खोलीत डासांची कॉइल, फवारा, रंगकाम, तसेच फिनेलचा वापर टाळावा.
- नवीन सिमेंट टाकीतून चुना सुटतो आणि सामू ९ च्या वर जाऊ शकतो. दोन-तीन आठवडे पाणी भरून, काढून, पुन्हा भरून सामू स्थिर झाल्यावरच मासे सोडावेत.

जिवंत खाद्यासाठी ठेवलेल्या मोइनाच्या पिंपाचा येथे चांगला उपयोग होतो. मोइना हे सूक्ष्म कवचधारी जीव कीटकनाशकाला माशांपेक्षाही संवेदनशील असतात. मासे आणि मोइना एकाच सकाळी मेले असतील तर हवेतून किंवा पाण्यातून विष आल्याचा संशय घ्यावा. टाकीतील कोळंबी आधी मेली असेल तरी हाच अर्थ. गोगलगायी मेल्या असतील तर तांब्याचे अंश किंवा तांबेयुक्त औषधही तपासावे.

नवीन मासे आणताना

प्रवासात पिशवीत कार्बन डायऑक्साईड साचून सामू उतरतो, अमोनिया साचतो. पण कमी सामूमुळे तो सौम्य राहतो. पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साईड निघून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी बनतो. त्यामुळे लांबून आलेल्या माशांची पिशवी उघडून तासन्‌तास थोडे थोडे पाणी मिसळत बसू नये.

१. बंद पिशवी टाकीच्या पाण्यावर १५ ते २० मिनिटे तरंगत ठेवावी.

२. विलगीकरण टाकीचा सामू व टीडीएस शक्य तितका विक्रेत्याच्या पाण्याशी आधीच जुळवून ठेवावा. खरेदीआधी विक्रेत्याला हे आकडे विचारावेत.

३. पिशवी उघडून मासे लगेच जाळीने उचलून टाकीत सोडावेत. पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये.

४. पहिले २४ तास खाद्य देऊ नये, प्रकाश मंद ठेवावा.

५. नवीन मासे तीन ते चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावेत. त्यांची जाळी, नळी, बादली स्वतंत्र असावी. रोजचे काम आधी जुन्या टाक्यांत आणि शेवटी विलगीकरण टाकीत करावे.

खरोखर रोग असेल तर

पाण्याचे सर्व आकडे योग्य असतील आणि मरतूक रोज थोडी थोडी होत असेल तरच रोगाकडे वळावे.

- पांढरे ठिपके (इक) : अंगावर रव्यासारखे दाणे, मासे अंग घासतात. तापमान अचानक उतरल्यावर बहुधा दिसतो. औषध फक्त पाण्यात पोहणाऱ्या अवस्थेवर चालते, म्हणून एका मात्रेने रोग संपत नाही.
- व्हेलव्हेट : तिरप्या प्रकाशात अंगावर सोनेरी धुळीसारखा थर, श्वास वेगात. ठिपके न दिसताही मासे मरतात, त्यामुळे टॉर्चने तपासणी करावी.
- कल्ल्यांतील कृमी : एकाच बाजूचे कल्ले हलणे, मासा पाण्याच्या प्रवाहाजवळ थांबणे. डिस्कसमध्ये वारंवार आढळतात. निदानासाठी सूक्ष्मदर्शक हवा.
- कॉलमनॅरिस : तोंडाभोवती कापसासारखा पांढरा थर, पाठीवर फिकट पट्टा. बुरशी समजून चुकीचा उपचार होतो. हा जिवाणूजन्य रोग आहे आणि उष्ण पाण्यात झपाट्याने पसरतो.
- डिस्कसमधील आतड्याचे परजीवी : पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा, रंग काळवंडणे, खाणे बंद.
- निऑन रोग : रंगाचा पट्टा जागोजागी फिका पडतो, पाठ वाकते. खात्रीचा उपचार नाही. असे मासे तात्काळ वेगळे करावेत.

औषधाची मात्रा टाकीतील पाण्याच्या प्रत्यक्ष लिटरवर ठरते. खडे, गाळणी वजा करून आकारमान काढावे. फॉर्मेलिनसारखी औषधे पाण्यातील ऑक्सिजन कमी करतात, त्यामुळे उपचारात हवा दुप्पट करावी. उपचार शक्यतो वेगळ्या टाकीत आणि मत्स्यतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच करावा. हाताला जखम असताना आजारी टाकीत काम करू नये. माशांतील क्षयरोगाच्या जातीचे काही जिवाणू माणसाच्या त्वचेवर गाठी आणू शकतात.

तपासणीसाठी नमुना कसा द्यावा?

- मरून काही तास झालेल्या माशाचा उपयोग फारसा होत नाही. परजीवी मेलेले मासे सोडून जातात आणि ऊती कुजू लागतात. लक्षणे दाखवणारे दोन-तीन जिवंत मासे ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत द्यावेत.
- ते शक्य नसल्यास नुकताच मेलेला मासा पिशवीत घालून बर्फावर ठेवावा, गोठवू नये.
- टाकीचे आणि बदलासाठी वापरलेल्या पाण्याचे वेगवेगळे नमुने सोबत द्यावेत.
- मार्गदर्शनासाठी जिल्ह्याचे मत्स्यव्यवसाय कार्यालय, कृषी विज्ञान केंद्र, रत्नागिरी, नागपूर व उदगीर येथील मत्स्य महाविद्यालये किंवा मुंबईतील केंद्रीय मत्स्यिकी शिक्षण संस्था यांच्याशी संपर्क साधावा.

विस्तार कार्यकर्त्यांनी भेटीत विचारायचे सात प्रश्न

१. पहिला मासा कधी मेला आणि एकूण किती मेले?

२. कोणत्या जाती मेल्या, कोणत्या वाचल्या?

३. शेवटचे पाणी कधी, किती आणि कोठून आणून बदलले?

४. गाळणी शेवटची कधी व कशाने धुतली?

५. गेल्या महिन्यात नवीन मासे, वनस्पती किंवा जिवंत खाद्य आणले का?

६. गेल्या दोन दिवसांत वीज गेली होती का, परिसरात फवारणी किंवा रंगकाम झाले का?

७. आतापर्यंत कोणते औषध, किती मात्रेत टाकले?

नोंदवही

वरील प्रश्नांची उत्तरे आठवणीतून देता येत नाहीत. प्रत्येक टाकीसाठी एक पान ठेवावे. रोज सकाळ-संध्याकाळचे तापमान आणि मेलेल्या माशांची संख्या, आठवड्यातून एकदा सामू, अमोनिया, नायट्राईट व टीडीएस, तसेच पाणी बदल, गाळणी सफाई, नवीन मासे आणि खाद्याच्या नवीन पाकिटाची तारीख लिहावी. लहान युनिटमध्ये या कामाला दिवसाला पाच ते दहा मिनिटे लागतात. दोन-तीन महिन्यांच्या नोंदी झाल्या की ‘कारण कळले नाही’ असे वाटणाऱ्या बऱ्याच मरतुकींच्या आधी त्याच पानावर एखादी नोंद सापडते : दोन दिवसांपूर्वी धुतलेला स्पंज, जुलैतील नळाचे पाणी, रात्री गेलेली वीज. नेमके कारण हाती लागले की उपाय स्वस्त असतो आणि पुढची तुकडी वाचते.